कोर्टाच्या बाकावर काळीच मुलं जास्त का?

वडाची_साल
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मी मिशिगनमध्ये राहते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, लेक कॉलेजला गेला, घर खायला उठायला लागलं, तेव्हा 'कासा'चं काम घेतलं. काशाच्या वाटीशी याचा संबंध नाही. आईबापांपासून काढलेल्या मुलांसाठी कोर्ट एक स्वयंसेवक नेमतं, ती मी. तीस तासांचं प्रशिक्षण, न्यायाधीशांपुढे शपथ, मग एकाच केसमधल्या मुलांना नेमानं भेटायचं, त्यांच्या शिक्षकांशी-डॉक्टरांशी बोलायचं आणि कोर्टाला लिहून द्यायचं. १९७७ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका न्यायाधीशाला वाटलं की ज्या मुलाचं आयुष्य आपण ठरवतोय त्याच्याबद्दल आपल्याला धड काही ठाऊकच नाही. तिथून हे सुरू झालं.

सुनावणीच्या दिवशी बाहेर लांब बाक असतो. आमच्या काउंटीत काळी वस्ती तशी बेताचीच. पण त्या बाकावर बसलेली बहुतेक माणसं काळी. ('कृष्णवर्णीय' लिहिलं की सरकारी पत्रक वाटतं. ते स्वतःला ब्लॅक म्हणतात, मी काळी लिहिते.) आधी वाटलं, आजचाच योग असेल. मग दर तारखेला तेच. घरी येऊन आकडे बघितले. देशातल्या मुलांत काळी मुलं साधारण १४ टक्के, फॉस्टर केअरमध्ये (आईबापांपासून काढलेली मुलं तात्पुरती दुसऱ्या घरी ठेवतात त्यात) २२-२३. आणि २०१७ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की अठरा वर्षांचं होईपर्यंत काळ्या मुलांपैकी ५३ टक्क्यांच्या घरी कधी ना कधी सीपीएसची, म्हणजे सरकारच्या बालसंरक्षण खात्याची, चौकशी येऊन जाते. सगळी मुलं धरली तर ३७. आशियाई १०.

माझ्या केसमध्ये दोन भावंडं, आठ आणि पाच वर्षांची. तपशील बदललेत, शपथ घेतलेली आहे. आई एकटी, गोदामात रात्रपाळी. सांभाळणारी आयत्या वेळी आली नाही. आईनं पोरांना झोपवलं, कुलूप लावलं आणि कामावर गेली. मोठा जागा झाला, रडला, शेजाऱ्यानं पोलीस बोलावले. बिल थकल्यामुळे हीटिंग तोडलेलं. कुणी मारलेलं नाही, कुणी नशेत नाही. कागदावर एकच शब्द, 'दुर्लक्ष'. देशभरात मुलं काढण्याच्या कारणांत सगळ्यात जास्त हाच शब्द येतो.

अकरा महिने झाले. आजी, म्हणजे आईची आई, न्यायला तयार आहे. पण तिचं घर मंजूर होत नाही. प्रत्येक मुलाला स्वतःचा पलंग हवा, तिच्याकडे जादाचा एकही नाही. आणि मागच्या खोलीची खिडकी रंग बसून घट्ट झालीय, उघडत नाही.

माझे प्रश्न दोन. एक, हे वंशामुळे होतं की गरिबीमुळे? दोन, त्या पलंगांचं काय करू? आम्हाला कुटुंबाला वस्तू किंवा पैसे द्यायला मनाई आहे.

टवाळ_कार्टं
पहिला!
आमच्या गिरगावच्या चाळीत सीपीएस आली असती तर अख्खा दुसरा मजला उचलून न्यावा लागला असता. लाटणं, चप्पल, झाडू, एकदा तर परकर वाळत घालायची काठी. कुलूप लावून आई बाहेर जायची हे तर रोजचंच.

खारीबिस्कीट
टवाळा, तुमच्या कुलपाची किल्ली समोरच्या काकूंकडे असायची. त्या बाईला समोरच्या काकू नव्हत्या, समोरच्यानं पोलीस बोलावले. फरक तिथेच आहे.

टवाळ_कार्टं
हे पटलं. काकूंचा हात आईपेक्षा जड होता, तो भाग वेगळा.

नीरजा_एम
मी बालरोगतज्ज्ञ, इथे पंचवीस वर्षं. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानंतर डॉक्टर, नर्स, शिक्षक यांनी नुसता संशय आला तरी कळवायचं, असं सगळीकडे पक्कं झालं. पुरावा लागत नाही. कळवलं आणि चुकीचं निघालं तर आम्हाला काही होत नाही. नाही कळवलं आणि खरं निघालं तर लायसन्स जाऊ शकतं. त्यामुळे हात फोनकडे जातोच. कुणाला बघून जातो, एवढाच प्रश्न.

२००२ मध्ये हाड मोडलेल्या लहान मुलांच्या केसपेपरवर फिलाडेल्फियातला एक अभ्यास आला. दुखापत अपघाताची असण्याची शक्यता हिशेबात धरूनही, अल्पसंख्याक मुलांच्या बाबतीत अत्याचाराची तपासणी आणि तक्रार जास्त झालेली. त्याच्याही आधी, १९९० मध्ये, फ्लोरिडातल्या पिनेलस काउंटीत गरोदर बायकांच्या लघवीच्या तपासण्या झाल्या. नशेचे अंश गोऱ्या आणि काळ्या बायकांत जवळपास सारखेच सापडले. पण सरकारकडे नाव गेलं ते काळ्या बाईचं, गोरीच्या दहापट वेळा.

आता माझं. रेसिडेन्सीत, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रशिक्षणात, असताना एकाच आठवड्यात दोन तान्ही बाळं आली, दोघांचंही मांडीचं हाड. दोन्ही आयांनी सांगितलं, सोफ्यावरून पडलं. एकीच्या बाळाचे डोक्यापासून पायापर्यंत एक्स-रे काढले, सोशल वर्करला बोलावलं, रात्रभर आईला बाळाजवळ एकटं बसू दिलं नाही. दुसरीचा नवरा इंजिनियर, बाई गोड बोलत होती, आम्ही प्लॅस्टर घातलं आणि घरी पाठवलं. पहिली काळी होती, हे सांगायला नकोच. दोन्ही कागदांवर सही माझी. तेव्हा मला काहीही खटकलं नाही. खटकलं ते दहा वर्षांनी, तो अभ्यास वाचताना.

चिंतामणी_मिडवेस्ट
नीरजाताई, प्रामाणिक लिहिलंत. तरी उलट बाजू मांडतो, जोडे खायची तयारी आहे.

पोटापाण्यासाठी आकडेच बघतो. लोकसंख्येत १४ आणि फॉस्टरमध्ये २३ म्हणजे भेदभाव, असं सरळ म्हणता येत नाही. काळ्या मुलांत गरिबी कितीतरी जास्त आहे आणि गरिबीबरोबर धोका वाढतो. २०११ मध्ये ब्रेट ड्रेक आणि सहकाऱ्यांनी देशभरचे आकडे ताडून पाहिले. बालमृत्यू, कमी वजनाची बाळं, अशा ज्या गोष्टींत केसवर्करच्या (खात्यातर्फे कुटुंबाची केस बघणाऱ्याच्या) मताचा संबंध येत नाही, त्यांतही काळ्या-गोऱ्यांतली तफावत तेवढीच किंवा जास्त होती. कॅलिफोर्नियात २००२ साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला, त्यात एकाच गरीब थरातली मुलं घेतली तर काळ्या मुलांच्या तक्रारी गोऱ्यांपेक्षा कमीच निघाल्या.

आणि दुसरं. मूल न काढल्यानं काय होतं? विस्कॉन्सिनमध्ये जोशुआ डेशेनी नावाच्या चार वर्षांच्या पोराला बापानं मारून मारून मेंदू कायमचा निकामी केला. केसवर्कर महिनोन् महिने येत होती, खुणा वहीत लिहीत होती. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वाचवायची जबाबदारी सरकारवर नाही. तो मुलगा गोरा होता. वंशाच्या आकड्यांच्या भीतीनं उद्या केसवर्करनं काळं मूल धोक्याच्या घरात ठेवलं तर मरणार कोण?

भोचक
आशियाई १० टक्के! म्हणजे संस्कार हा मुद्दा कुणी बोलणारच नाही का? आपल्यात कुटुंबव्यवस्था आहे.

वडाची_साल
भोचक, नॉर्वेत आणि जर्मनीत भारतीय आईबापांची मुलं काढून नेली तेव्हा आपली कुटुंबव्यवस्था कुठे गेली होती? तेव्हा इथेच दोनशे प्रतिसादांचा धागा होता, 'त्यांना आपली संस्कृती कळत नाही' म्हणून. तुमचेच त्यात चाळीस असतील.

टवाळ_कार्टं
पॉपकॉर्न घेतलेत. भोचकरावांच्या वाटणीचे पण.

खारीबिस्कीट
संस्काराचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. लेकीला सात महिन्यांची असताना डे-केअरला घातली. तिसऱ्या दिवशी फोन, ताबडतोब या. खोलीत डे-केअरची बाई आणि सीपीएसची बाई. बाळाच्या कमरेवर आणि कुल्ल्यांवर निळेकाळे डाग आहेत, कुणी मारलं?

जन्मापासूनचे डाग हो! आपल्याकडे निम्म्या बाळांना असतात, आजी म्हणायची सटवाईनं चापटी मारून पाठवलं. मी हे इंग्रजीत सांगायला लागले आणि अर्ध्यात कळलं की 'देवीनं मारलं' असं म्हणणं काही बरं नाही.

मग काय झालं? नवऱ्यानं बाळाच्या डॉक्टरला फोन लावला, जन्माच्या वेळच्या कागदावर डागांची नोंद होती, ती आली. बाई सॉरी म्हणाली. एकूण पाऊण तास. रात्रभर मी रडले, पण पाऊण तासच.

नंतर विचार केला. आमचा नेहमीचा डॉक्टर आहे कारण विमा आहे. नवरा मीटिंग सोडून आला, त्याचा पगार कापला गेला नाही. वडाच्या सालीच्या त्या आईकडे यातलं काय होतं? काळ्या बाळांनाही हे डाग असतातच, नीरजाताई सांगतील.

नीरजा_एम
खूप असतात. म्हणून आम्ही आता जन्मतः मोजून, जागेसकट लिहून ठेवतो. बाळ एकाच दवाखान्यात येत राहिलं तर त्या कागदाचा उपयोग. दर वेळी वेगळ्या इमर्जन्सी रूममध्ये गेलं की कागद मागे राहतो.

मिनेसोटाची_माई
काउंटीच्या बालकल्याण खात्यात बावीस वर्षं काढली, आता निवृत्त. म्हणजे मुलं उचलणाऱ्यांतली मीच एक. काढून घेतलेल्या मुलाच्या कारच्या सीटवर बसून त्याच्याशी काय बोलायचं, हे कुणी शिकवत नाही.

चिंतामणी, तुमचे आकडे खोटे नाहीत. पण गरिबी आणि वंश असे दोन वेगळे डबे करता येत नाहीत. काळ्या आया गरीब का राहिल्या त्यात याच खात्याचा हात आहे. १९६० मध्ये लुइझियानानं 'योग्य घर' नसल्याचं कारण देऊन तेवीस हजार मुलांची सरकारी मदत एका फटक्यात तोडली. बहुतेक सगळी काळी. लग्नाशिवाय मूल झालं की घर अयोग्य. ओरड झाल्यावर केंद्रानं ठरवलं, नुसती मदत तोडता येणार नाही, एक तर घर सुधारायला मदत करा नाही तर मूल दुसरीकडे ठेवा. १९६१ पासून मूल दुसरीकडे ठेवायला पैसा मिळू लागला. घर सुधारायला फारसा नाही. त्याच्याआधी अनाथांसाठी ज्या संस्था होत्या त्यांतल्या कित्येक काळ्या मुलांना आत घेतच नसत. म्हणजे आधी दार बंद, मग दार उघडलं ते या बाजूनं.

नेटिव्ह, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांचं तर याहून भयंकर. सत्तरच्या दशकापर्यंत त्यांची २५ ते ३५ टक्के मुलं घराबाहेर गेलेली होती. त्यांच्यासाठी १९७८ चा कायदा आला. इथे दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवा. बाकीच्या कुटुंबांसाठी खात्यानं 'वाजवी' प्रयत्न करायचे, नेटिव्ह कुटुंबांसाठी 'सक्रिय'. वाजवी म्हणजे आईच्या हातात पॅरेंटिंग क्लासचा पत्ता द्यायचा. सक्रिय म्हणजे तिला गाडीत घालून तिथे न्यायचं. २०२३ मध्ये हा कायदा सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी टिकला. २०२४ मध्ये आमच्या मिनेसोटानं हेच 'सक्रिय प्रयत्न' काळ्या कुटुंबांना लागू करणारा कायदा केला, आधी हेनेपिन आणि रॅमझी या दोन काउंट्यांत. मी असताना आला असता तर बरं झालं असतं.

वडाची_साल, एक महत्त्वाचं. अकरा महिने म्हणालात. १९९७ च्या कायद्याचं घड्याळ माहीत आहे ना? बावीस महिन्यांतले पंधरा महिने मूल फॉस्टरमध्ये गेले की राज्यानं आईचे हक्क संपवायचा अर्ज करायचा. त्यात जे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे मूल नातेवाइकाकडे असणं. तुमच्या पलंगाला चार महिन्यांची मुदत आहे.

अर्धवट_पुणेकर
लेख माहितीपूर्ण, पण 'फॉस्टर केअर'ला मराठी शब्द नाही का? इतकं इंग्रजी बघवत नाही.

कंदीपेढा
सरकारी कागदात 'प्रतिपालन' वाचलंय. 'पालनपोषण' पण.

टवाळ_कार्टं
यशोदायोजना. कृष्ण हा इतिहासातला सर्वांत यशस्वी फॉस्टर चाइल्ड. आईबाप तुरुंगात, केसवर्कर वसुदेव स्वतःच, रात्री टोपलीतून प्लेसमेंट.

अर्धवट_पुणेकर
आणि कर्ण? राधेनं वाढवला, कागदपत्रं नाहीत, पुढे सगळा घोळ त्यातूनच.

भोचक
कर्णाच्या बाबतीत कुंतीवर दुर्लक्षाची केस झाली असती का?

टवाळ_कार्टं
कुंती राजकन्या. पाऊण तासात सुटली असती.

प्रशासक
महाभारतासाठी वेगळा धागा आहे. (शेवटचा प्रतिसाद मात्र ठेवतोय.)

कंदीपेढा
मी आजवर इथे फक्त पाककृती टाकल्यात, आज हे लिहिते. आम्ही दोघं टेक्सासमध्ये लायसन्स असलेले फॉस्टर पालक आहोत. मूलबाळ नाही. तीन वर्षांत चार मुलं येऊन गेली. सध्याची छोटी काळी, सहा वर्षांची.

पहिल्या आठवड्यात तिचे केस. मी आपली रोज न्हाऊ घालायची, वर खोबरेल तेल चोपडायची, बारीक कंगवा. ती ओरडायची, मला वाटायचं नखरे. तिची आई आठवड्याच्या भेटीला आली, पोरीचे केस बघितले आणि मटकन खाली बसली. काही बोलली नाही. पोरीला मांडीत घेतलं आणि भेटीचा सगळा तास केस विंचरत बसली, टोकाकडून मुळाकडे, बोटांनी. मी शेजारी बसून शिकले. पुढच्या भेटीला तिनं कोणती क्रीम, कोणता कंगवा, रात्री डोक्याला कसलं फडकं, हे कागदावर लिहून आणलं. त्या बाईच्या फाइलमध्ये लिहिलंय की ती मुलीच्या गरजांकडे लक्ष देत नाही.

काळ्या मुलांना गोऱ्या घरात द्यावं का, यावर इथे पन्नास वर्षं भांडण चालू आहे. १९७२ मध्ये काळ्या सोशल वर्करांच्या राष्ट्रीय संघटनेनं ठाम विरोध केला होता. मग १९९४ आणि १९९६ चे कायदे आले, वंश बघून मुलाचं घर अडवायचं नाही. आमच्यासारख्यांना त्यामुळेच मूल मिळतं, तरी सांगते, दोन्ही बाजूंत दम आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात हार्ट आडनावाच्या दोन गोऱ्या बायकांनी दत्तक घेतलेल्या सहा काळ्या मुलांसकट गाडी कड्यावरून समुद्रात घातली. मुलं आमच्या टेक्सासमधूनच गेलेली. त्यातल्या तिघा भावंडांना त्यांची आत्या मागत होती. तिला मिळाली नाहीत. शेजाऱ्यांच्या, शाळेच्या तक्रारी होत्या, पण त्या घरातून मुलं कुणी काढली नाहीत.

चिंतामणी_मिडवेस्ट
कंदीपेढा, वाचून गप्प झालो.

एक कबुली द्यायची आहे. काल रात्री मिशिगनचाच नवा अभ्यास वाचला, २०२४ चा. दोन लाखांहून जास्त तक्रारी. मी वर गरिबीचं म्हणालो, तर यांनी वेगळीच युक्ती केलीय. तक्रार कोणत्या तपासनिसाकडे जाते ते जवळजवळ सोडतीसारखं असतं, त्याचा फायदा घेऊन, घरात ठेवलं तर पुढे धोका सारखाच आहे अशा काळ्या-गोऱ्या मुलांची तुलना केली. काळं मूल फॉस्टरमध्ये जाण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त. तक्रारीचा फोन उचलणाऱ्यांचा यातला वाटा फार तर १९ टक्के, बाकी सगळा घरी येणाऱ्या तपासनिसांचा. म्हणजे नुसती गरिबी नाही. इथे मी चूक होतो.

पण पुढचं वाक्य वाचा. ही तफावत मुख्यतः खरोखर धोका असलेल्या केसेसमध्ये आहे. म्हणजे धोक्यातली गोरी मुलं तपासनीस घरातच ठेवून येतात. गोरी आई गोड बोलते, सोफा चांगला असतो. डेशेनी आठवला. नीरजाताई, तुमचं ते दुसरं बाळही आठवलं.

नीरजा_एम
मलाही तेच आठवतंय दोन दिवस. त्या बाळाचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलंच नाही.

सोलापूरकर_शेंगाचटणी
इतके दिवस नुसता वाचत होतो. आमच्या सोलापुरात 'सेटलमेंट' म्हणून भाग आहे. रिक्षावाला आजही त्याच नावानं नेतो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी तारेच्या कुंपणात माणसं ठेवली ती ही जागा. त्या कायद्यात १८९७ मध्ये दुरुस्ती झाली, चार ते अठरा वयाची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवायची सोय. का, तर आईबाप जातीनंच गुन्हेगार, मूल त्यांच्याजवळ राहिलं तर तेही बिघडेल. १९५२ मध्ये तो कायदा देशभरातून रद्द झाला. माझे आजोबा तिथे जन्मले. भोचक साहेब, संस्काराचं म्हणाल तर हाच शब्द होता त्यांच्या कागदात.

भोचक
माफ करा. मला हे माहीत नव्हतं.

अर्धवट_पुणेकर
मग उपाय काय? मुलाचं नाव-गाव-वंश झाकून निर्णय घ्यायचा, असं कुठेतरी करतात ना?

मिनेसोटाची_माई
न्यूयॉर्कच्या नॅसाउ काउंटीनं केलं, मोठा गवगवा झाला, बाकीच्यांनी उचललं. मिशिगनमध्ये नीट तपासलं तर काहीच फरक पडलेला दिसला नाही. पडेल कसा? झाकाझाकी करतात ऑफिसातल्या बैठकीत. जो तपासनीस घरात जाऊन आई बघून आला, त्याच्याच तोंडून सगळी हकीकत येते.

उपाय विचाराल तर मला सगळ्यात साधा आकडा आवडतो. किमान वेतन तासाला एका डॉलरनं वाढलं तिथे दुर्लक्षाच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटल्या, २०१७ चा अभ्यास. माझ्या बावीस वर्षांत कित्येक घरी मला वाटलं होतं की या बाईला केसवर्कर नको, चारशे डॉलर हवेत. पण चारशे डॉलर द्यायला माझ्याकडे रकाना नव्हता. मूल परक्या घरी ठेवलं की मात्र त्या घराला दरमहा त्याहून जास्त जायचे.

टवाळ_कार्टं
मस्करी बाजूला. या सगळ्यात दुसरा प्रश्न राहिला. पलंग.

खारीबिस्कीट
खरंच की! वडाची साल, तुम्ही द्यायचे नाहीत हे कळलं. पण आजीनं कुठून मिळवले तर चालतं ना? आमच्या गावात फर्निचर बँक आहे, चर्च चालवतं. सोशल वर्करचं पत्र लागतं, गाद्या नव्या कोऱ्या देतात. तुमच्याकडे असेलच.

मिनेसोटाची_माई
आणि केसवर्करला विचारा की नातेवाइकांसाठीचे वेगळे नियम तुमच्या राज्यानं घेतलेत का. २०२३ मध्ये केंद्रानं मुभा दिलीय, आजी-मावशीला परक्या फॉस्टर पालकाचेच निकष लावायची सक्ती उरलेली नाही. घरात किती खोल्या, पगार किती, यावरून अडवणं कमी व्हावं म्हणूनच ते केलं. तोंडी नको, लेखी विचारा, म्हणजे फाइलला लागतं. आणि तुमच्या अहवालात घड्याळाची तारीख लिहा. न्यायाधीश ती वाचतात.

कंदीपेढा
खिडकीसाठी: रंगाच्या फटीतून पातळ सुरी फिरवायची सगळीकडून, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकायचं. आमची तपासणी तशाच खिडकीवरून अडली होती. जुनं घर असेल तर रंगात शिसं असू शकतं, मुलं नसताना करा, नंतर ओल्या फडक्यानं पुसा.

अर्धवट_पुणेकर
धागा निवडक दहात नोंदवला.

वडाची_साल
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. तीन आठवडे गेले.

केसवर्करला लेखी विचारलं. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि त्यात 'चौकशी करून कळवते' एवढंच होतं. अहवालात तारीख घातली. फर्निचर बँक शेजारच्या काउंटीत निघाली, पत्र आजीच्या वकिलानं दिलं, पलंग मागच्या शनिवारी आले. दोन्ही सुट्ट्या भागांत. आजीच्या चर्चमधला एक म्हातारा सुतार येऊन जोडून गेला. खिडकीही त्यानंच सोडवली, कंदीपेढा, तुमची सुरीची युक्ती मी आजीला सांगितली होती, तो म्हणाला मला शिकवू नका.

पाहणी मंगळवारी आहे. सुनावणी त्याच्या नंतरच्या सोमवारी. मागची अकरा मिनिटं चालली होती, मी घड्याळ लावलं होतं.

थोरल्या पोरानं मला विचारलं, पलंग खालचा आहे की वरचा. बंक बेड नाहीयेत, दोन वेगळे आहेत, असं सांगितल्यावर जरा हिरमुसला.

टवाळ_कार्टं
साहजिक आहे. मंगळवारी रात्री इथे लिहा. मी जागा असतो.